अनेरकाठी एक दिवस सावली

जळगावला उन्हाळ्यात मुद्दाम कुणी जात नाही. आईचं माहेर तिकडचं, तरी तीसुद्धा मला म्हणाली, "दिवाळीत जा की." पण आमच्या संस्थेचं काम उन्हाबद्दलच होतं, त्यामुळे उन्हातच जावं लागलं.

काम असं होतं. विमानांतून आभाळात खूप उंचावर बारीक कण फवारायचे, म्हणजे थोडं ऊन वरच्या वर परत फिरेल आणि खाली गारवा येईल, अशी एक कल्पना आहे. तिच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा की देऊ नये, यावर लोकांची मतं गोळा करायची होती. जळगाव आणि धुळे इथे एकेक जनसुनावणी, आणि मधल्या दिवसांत गावांत जाऊन अशा बायकांशी बोलायचं ज्या सभेला येत नाहीत. सभेत माइक धरणं सावंत सरांकडे आणि बायकांशी बोलणं माझ्याकडे. मी फार बोलत नाही म्हणूनच मला निवडलं, असं सर म्हणाले. ही स्तुती होती की काय, मला कळलं नाही.

जळगाव

स्टेशनबाहेर आले तेव्हा दुपार होती आणि रस्ता रिकामा होता. पुण्यात दुपारी दुकानं बंद असतात ती मालकाला झोप येते म्हणून. इथे ती बंद होती ती आत कुणीतरी लपल्यासारखी. शटर अर्धी खाली, आत अंधार, आणि त्या अंधारातून मध्येच पंख्याचा आवाज. रिक्षावाल्याने डोक्याला ओला पंचा गुंडाळला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कांदा होता. माझी नजर तिकडे गेलेली त्याला दिसली.

"ऊन लागू नये म्हणून, ताई. देऊ का एक?"

मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच विकत घेतला.

सुनावणीच्या सभागृहात लोक पंख्यांच्या खालीच दाटीने बसले होते आणि मधल्या खुर्च्या मोकळ्या होत्या. सरांनी योजना समजावली. मागून कुणीतरी म्हणालं, "सूर्याला नोटीस दिली का आधी?" सगळे हसले. एक निवृत्त मास्तर उठले. त्यांचं म्हणणं, हा पैसा धरणाच्या गाळावर लावा, झाडांवर लावा. वर धूळ उडवून शेजारच्या राज्याचा पाऊस हलला तर भांडायला कोण जाणार? टाळ्या पडल्या. मग चोपड्याकडचे एक केळीवाले उठले. उंच, पांढरा शर्ट, आवाज खणखणीत. त्यांना सगळे भिका भाऊ म्हणत होते.

"मास्तर, झाडं लावा म्हणता ते बरोबर. पण झाड मोठं होईपर्यंत माझ्या केळीचा घड झाडावरच भाजतो, त्याचं काय? माणसं भाजतात, त्याचं काय? सरकार बाकी कशाकशाला पैसे देतं. सावलीला दिले तर कुणाच्या पोटात दुखतं?"

त्यांनाही टाळ्या पडल्या, आणि त्या बहुतेक त्याच हातांच्या होत्या.

सभा संपल्यावर भाऊंनी विचारलं, "बायांशी बोलायचं ना तुला? माझ्या वहिनीकडे राहा. अनेरच्या काठावर गाव आहे. तिचं मत पक्कं आहे, आणि का पक्कं आहे ते डोळ्यांनीच बघ."

अनेरच्या काठावर

चोपड्यापर्यंत एसटी, पुढे भाऊंची जीप. दोन्हीकडे केळीच्या बागा, कडेने वारा अडवायला लावलेली शेवरी. बागेजवळून जाताना खिडकीतून गार दमट झुळूक येई आणि बाग संपली की तोंडावर झळ. उत्तरेला सातपुडा असायला हवा होता, पण उन्हाच्या धुरकटपणात तो विरघळला होता. नदी कोरडी. गाव अलीकडच्या काठावर, जळगाव जिल्ह्यात. पलीकडच्या काठावरचं गाव धुळे जिल्ह्यात.

भाऊंच्या वहिनी, ताराअक्का, ओट्यावर आल्या. हाताला कोपरापर्यंत ज्वारीचा चीक लागलेला.

"ये व बेटा, बठ. पानी पी पह्यले."

आई घरात अहिराणी कधी बोलली नाही. फक्त मावशीचा फोन आला की बोलायची, तीही दार लोटून. त्यामुळे ही भाषा मला चोरून ऐकलेल्या गोष्टीसारखी येते. समजते, पण तोंडातून निघत नाही. मी मराठीत बोलत राहिले आणि अक्का माझ्यासाठी कधी मराठीत, कधी अहिराणीत.

बिबड्यांचे दिवस होते. भिजवून भरडलेली ज्वारी तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात आणि तो गरम घाटा ओल्या फडक्यावर थापून गच्चीवर वाळवतात. घाटा कच्चं तेल घालून खायला देतात. मी दोनदा घेतला. आमच्याकडे पापड पाकिटातून येतो, त्याच्यामागे ऊन असतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. इथे गल्लीतल्या सगळ्या गच्च्या पांढऱ्या चकत्यांनी भरलेल्या. अक्का आणि शेजारणी बिबडे करून चोपड्याच्या दुकानांना देत. उन्हाळ्यातल्या या थोड्या दिवसांच्या कडक उन्हावर त्यांचं वर्ष चालत होतं.

"म्हणजे तुम्हाला ऊन हवंच असेल," मी म्हटलं. मला वाटलं, मत मिळालं.

अक्कांनी हात पुसले आणि मागच्या खोलीकडे मान केली. "नाना आत शे."

दाराच्या फटीतून मला आधी फक्त पाय दिसले. नाना, अक्कांचे यजमान, भाऊंचे चुलतभाऊ. केळीचे घड कापून ट्रकमध्ये भरणाऱ्या टोळीत होते. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी ट्रकच्या मागे कोसळले. दवाखान्यातून जिवंत आले, पण तेव्हापासून दिवस वर आला की आत जातात आणि दिवस कलला की बाहेर येतात. खिडकीला आतून गोणपाट ठोकलेलं. फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडायची आणि नाना तिच्यापासून पाय आखडून बसायचे.

मी नमस्कार केला. ते हसले. चांगला, देखणा चेहरा होता.

"भीती वाटते का उन्हाची?" मी विचारलं. असा प्रश्न मी एरवी कुणाला विचारला नसता.

"ऊन मले वयखस," ते म्हणाले. ऊन मला ओळखतं.

बाहेर आल्यावर अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "सावली व्हई ते मना मानूस बाहेर निंघी. बिबडानं काय, चुलीवर वाळवसू. धुळ्याच्या सभेला मीच येते. माइकवर सांगते, द्या म्हणून पैसे."

भाऊंनी सांगितलेलं पक्कं मत ते हे.

दोन दिवस चांगले गेले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती. लिंबाच्या झाडांना झोके अजून बांधलेले होते, आणि डब्यात मांडे उरले होते ते आमरसात बुडवून मी खाल्ले. आखाजीला इथे दोन्ही काठांच्या बायका नदीत समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. त्या एका दिवशी सगळं माफ. दुसऱ्या दिवसापासून त्याच बायका एकमेकींकडे दळणाला जातात. माझ्या शाळेत शिवीला दंड होता, हे ऐकून अक्का इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं.

पांढरा दिवस

तिसऱ्या दिवशी मी जागी झाले ती उशीर झाला असं वाटून नाही, तर अजून उजाडलंच नाही असं वाटून. घड्याळात मात्र सकाळ चांगली वर आली होती. गच्चीवर गेले. बायका बिबड्यांच्या मध्ये नुसत्या उभ्या होत्या.

आभाळ नव्हतं. त्या जागी ताकासारखं काहीतरी होतं. सूर्य त्यात होता, पण चंद्रासारखा गोल, फिका, आणि त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. तेच सगळ्यांत वाईट होतं. लहानपणापासून ज्याच्याकडे बघू नको म्हणून सांगतात त्याच्याकडे गल्लीतली सगळी माणसं टक लावून बघत होती. मी खाली पाहिलं. माझ्या पायाशी सावली नव्हती. कठड्यालाही नव्हती, तुळशीलाही नव्हती. वस्तू जमिनीवर ठेवल्यासारख्या दिसत नव्हत्या, जरा वर उचलून धरल्यासारख्या दिसत होत्या. कावळे विजेच्या तारेवर ओळीने गप्प बसले होते. गारवा होता, आणि तो गारवा अंगाला आवडत होता.

मी सरांना फोन लावला. ते धुळ्यात होते. "इथेही तसंच आहे. पश्चिमेकडून धुळीचं वादळ आलंय, बातम्यांत सांगतायत. नैसर्गिक आहे. तसं सांग लोकांना."

मी सांगितलं. माझा आवाज मुळातच लहान, त्या पांढऱ्यात तो आणखीच लहान झाला. शेजारची जिजाबाई माझ्याकडे न बघता अक्कांना म्हणाली, "ही पोर उनी आन् ऊन गयं." ही पोर आली आणि ऊन गेलं.

"वेडी शे का तू?" अक्का म्हणाल्या, पण फार जोर लावून नाही.

"मंग? जळगावमा सभा व्हयनी, यास्नी इचारं, सावली पाह्यजे का. भिका व्हय म्हने. झाई सावली."

मी परत सांगितलं की अजून फक्त चर्चा आहे, पैसेसुद्धा मंजूर नाहीत, विमान उडालेलंच नाही. जिजाबाईने बिबड्याला बोट लावलं. चकती ओलीच होती, वर धुळीची पातळ साय. तिने ते बोट माझ्यासमोर धरलं. त्या धुळीवर कुठून आली ते लिहिलेलं नव्हतं. मला सरांवर विश्वास होता, पण माझ्याकडे तेवढंच होतं, सरांनी फोनवर म्हटलेलं वाक्य.

मग नदीकडून आवाज आले. आम्ही काठाशी गेलो. पलीकडचं गाव दिसत नव्हतं, नदीचं पात्र अर्ध्यातच संपलं होतं. त्या पांढऱ्यातून फक्त बायकांचे आवाज येत होते.

"ऊन इकी खादं व तुम्ही! लाज शे का नही?" ऊन आम्ही विकून खाल्लं, म्हणत होत्या.

इकडून जिजाबाईनेच ओरडून उत्तर दिलं, "आन् इकत कोनी लिधं? तुम्हीच ना?"

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबली. आखाजी होऊन गेली होती. आज माफी नव्हती. एक दगड आमच्यासमोर वाळूत येऊन पडला. फेकणारी दिसली नाही.

आम्ही घरी परतलो तेव्हा मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

नाना अंगणात उभे होते. भर दुपारी, उघड्या डोक्याने, हात जरा बाजूला पसरून. अक्का दारातच थबकल्या. पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मी बघितलं नाही. बघू नये असं वाटलं.

"आज कसं गार शे!" नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमना लोकेसनी कयं का हाई?"

"नाही नाना. ही धूळ आहे."

"चांगलं कयं," ते म्हणाले. चांगलं केलं.

त्यांना नदीतून पलीकडच्या शेताकडे जायचं होतं. वर्षभर दुपारचं पाहिलं नव्हतं म्हणाले. अक्कांना ओले बिबडे घरात घ्यायचे होते, नाहीतर सगळा घाणा आंबला असता. त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. "जा व बेटा, त्यास्ना संगे. तुना खिशामा कांदा शे ना?"

आम्ही वाळूतून चाललो. नाना पुढे, मी मागे. थोड्याच वेळात आपला काठ दिसेना आणि पलीकडचा अजून आला नव्हता. दगड मारणाऱ्या बायका तिथेच कुठेतरी असतील असं मला सारखं वाटत होतं, पण पुढे फक्त नानांची पाठ होती. ते भराभर चालत होते. बोलत होते. ट्रक कसा भरायचा, घड खांद्यावर कसा घ्यायचा म्हणजे डाग पडत नाही, टोळीत कोण कशी गाणी म्हणायचं. वर्षभर साठलेलं बोलणं होतं ते. मध्येच थांबून त्यांनी मागे, वाळूकडे पाहिलं.

"सावली नही," ते आनंदाने म्हणाले. "सावली नही ते त्याले मी कसा सापडसू?"

म्हणजे ऊन त्यांना सावलीवरून शोधतं, असा त्यांचा हिशेब होता. त्या जागी उभं राहून मला तो चुकीचा वाटला नाही.

आम्ही पलीकडच्या काठाजवळ होतो तेव्हा वारा फिरला. आधी मानेला कळलं. मग वाळूवर नानांच्या टाचेशी काहीतरी करडं, पाण्यासारखं हललं. मला वाटलं ओल आहे. ती लांब होत गेली, गडद झाली, तिला डोकं आलं, हात आले. सूर्याकडे आता बघवत नव्हतं.

नानांनीही ती पाहिली. "उनं," एवढंच म्हणाले. आलं.

ऊन वाढत जातं, सकाळपासून हळूहळू, आणि माणूस त्याच्याबरोबर स्वतःला आवरत जातो. हे तसं नव्हतं. दुपारचं अख्खं ऊन एकदम अंगावर टाकलं कुणीतरी. वाळू पांढरी पेटली. नाना पळाले नाहीत. ते सावलीवर पाय ठेवून तिला झाकायचा प्रयत्न करत एकाच जागी वळत राहिले, आणि मग गुडघ्यावर बसले. त्यांची कातडी कोरडी आणि तापलेली होती. मी बाटली त्यांच्या डोक्यावर ओतली, ओढणी ओली करून बांधली, आणि आयुष्यात पहिल्यांदा जोरात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मराठी नव्हतं ते, आईची फोनवरची भाषा होती.

काठावरून दोघी बायका उतरल्या. पलीकडच्या गावच्या. सकाळच्या आवाजांतल्याच असणार. एकीने नानांच्या बगलेत हात घातला आणि दुसरी मला म्हणाली, "रडू नको व, पाय धर."

काठाला लागूनच केळीची बाग होती. आम्ही त्यांना आत नेलं. चार झाडं ओलांडली तसा उजेड हिरवा झाला आणि मग जवळजवळ गेलाच. बाहेर ऊन पेटलेलं, आत पानांवरून पानांवर थेंब पडल्यासारखा आवाज आणि चिखलाचा वास. एकीने ठिबकची नळी उपसली आणि नानांच्या छातीवर धरली. मी कांदा दगडाने ठेचला आणि त्यांच्या तळपायांना चोळला. त्याने काय होतं मला माहीत नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. केळीच्या पानांकडे बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं.

"तुमना लोकेसले सांग," ते पुटपुटले, "आखो एक दिन."

आणखी एक दिवस.

धुळे

भाऊंची जीप आली, नानांना चोपड्याला दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांनी ते घरी आले. खिडकीवरचं गोणपाट आता दुहेरी झालं. मी धुळ्याला निघाले तेव्हा अक्का एसटीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. पिशवीत बिबडे होते, जरा मळकट रंगाचे. वाटभर त्या पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होत्या. मला बोलायला लावलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी होते.

धुळ्याचं सभागृह भरलेलं होतं. त्या पांढऱ्या दिवसाने लोक आणले होते. विरोधातले चिडलेले होते, बाजूचेही चिडलेले. भिका भाऊ बोलले, पण या वेळी बसूनच, खालच्या आवाजात. सरकारने नेमलेल्या समितीवरचे एक साहेब पुन्हा पुन्हा समजावत होते, ती धूळ होती, तिचा याच्याशी संबंध नाही.

अक्का उठल्या. माइक हातात घेऊन त्यांनी आधी पुस्तकी मराठी धरली.

"माझे यजमान वर्षभर दुपारचे घराबाहेर पडले नव्हते. सावली पडली, ते बाहेर पडले. नदीत गेले. मग सावली गेली. येते म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, जाते म्हणूनही कुणी सांगितलं नाही."

"अक्का, ती नैसर्गिक धूळ होती," साहेब नम्रपणे म्हणाले.

"व्हई," अक्का म्हणाल्या. मराठी सुटली. "धूळ व्हई. पन उद्या तुम्ही करशात, तव्हय तुमनी कोनती आन् धुळनी कोनती, आम्ही कशी वयखवी? आन् तुम्ही वर धरेल छत्री, तुमना हात दुखना, नाहीतर पैसा सरना, ते आम्हले कोन सांगी? चालू करनारा आठे बठेल शेत. बंद करनारा दखाडा मले. त्याना चेहरा दखाडा."

चालू करणारे इथे बसलेत, बंद करणारा दाखवा, एवढंच त्या मागत होत्या. कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हा प्रश्न आम्ही नोंदवून घेतो. शेजारच्याने माइक मागितला. अक्कांनी तो लगेच दिला नाही. साहेबांकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग बसल्या.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीजवळ मी विचारलं, "अक्का, तुमचं मत मी काय लिहू?"

"नाना व्हय सांगस. मी नही सांगस. दोन्ही लिख."

"एका घराचं एकच..."

"आमना घरमा दोन मानसं शेत," त्या म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

मी दोन्ही लिहिलं. समितीचा निर्णय अजून व्हायचाय.

बिबडे आईने तळले. पहिल्या घासाला दाताखाली कच्चकन वाळू आली. आई म्हणाली, नीट वाळवले नाहीत कुणी. मी तो घास गिळला.

आता कधीकधी दुपारी अक्कांचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. सरळ विचारतात, "तठे ऊन शे का?" त्यांच्या मागे, थोडं लांबून, नानांचा आवाज असतो. "इचार, आज सावली करतीन का?"

मी फोन कानाला धरून बाल्कनीत जाते. आभाळ निळं दिसत असतं, तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. कठड्याबाहेर हात काढते आणि खालच्या भिंतीवर त्याची सावली पडते का ते बघते. पडली की मगच सांगते, "आहे, अक्का. ऊन आहे."

"मंग ठीक," अक्का म्हणतात. मागे कुठेतरी दार लावल्याचा आवाज येतो.